वळणाच्या आधीचा बाण

बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर एक मोठा पत्र्याचा फलक आहे. गावातून सुटणारे सायकलीचे तीन रस्ते त्यावर रंगवलेले आहेत. निळा रस्ता किनाऱ्याने दीपगृहापर्यंत जातो आणि तसाच परत येतो. तो पोराटोरांचा आणि दुपारचं जेवण जिरवायला निघालेल्यांचा. हिरवा मिठागरांना वळसा घालतो. तिथे चढ नाही, पण समोरून वारा असा येतो की पायडल मारूनही माणूस जागच्या जागी राहतो. तिसरा पिवळा. तो गावामागच्या डोंगरावर चढतो, वरच्या वस्तीतून जातो, खिंड ओलांडतो आणि दगडाच्या खाणीच्या अंगाने उतरत पुन्हा समुद्राला येऊन मिळतो. घट्ट चड्ड्या घालून, हलक्या सायकली गाडीच्या टपावर बांधून जे लोक लांबून येतात, ते या पिवळ्यासाठी येतात.

तिन्ही रस्ते एका बाईने आखले आहेत. ती साठीच्या पुढची आहे, बुटकी आहे, खांद्यात रुंद आहे आणि तिच्या दोन्ही हातांची मधली बोटं कायमची किंचित आत वळलेली आहेत. या बोटांकडे बरीच वर्षं कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. तिचंही नाही.

गावात तिला घंटीमावशी म्हणतात. ती पोस्टात होती. लाल सायकल, पुढे पत्रांची पिशवी, मागे पार्सलांची पेटी आणि हँडलवर पितळी घंटी. घंटी वाजली की दारं उघडायची. कुत्रीसुद्धा घंटी ओळखत, आणि ओळखूनही भुंकत. "त्यांचीही नोकरी आहे," असं ती म्हणे. बंदर, बाजार, शाळेमागच्या गल्ल्या आणि डोंगरावरची वस्ती हा तिचा टापू. डोंगराचं नाव काढलं की बाकीचे पोस्टमन कां-कूं करत. ती अर्धा चढ चालवत आणि अर्धा ढकलत जाई, पण जाई.

पुढे पोस्टाने वरच्या वस्तीचं टपाल छोट्या गाडीने पाठवायला सुरुवात केली, आणि पाठोपाठ तिची निवृत्ती आली. निरोपसमारंभात साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. "वेळ बघायची गरज संपली की घड्याळ देतात," तिचा नवरा म्हणाला. तो बंदरावरच्या शेडमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हाताला कायम काळं तेल आणि तोंडात कायम असलं काहीतरी.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी तिने सवयीने सायकल काढली, रिकामी पिशवी लटकवली आणि डोंगरावर जाऊन आली.

"कोणाला काय दिलंस?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. रस्ता आहे का बघून आले."

"होता?"

"होता."

दुसऱ्या दिवशीही ती गेली. वाटेत पाहुणे सायकलस्वार भेटत आणि रस्ता विचारत. सांगून सांगून तिचा घसा बसला. तेव्हा तिने नवऱ्याच्या शेडमधला बोटींचा उरलेला पिवळा रंग उचलला, जुन्या रबरी पायपुसण्यातून बाणाचा साचा कापला आणि कामाला लागली. वळण आलं की उतरायचं, गुडघ्यावर बसायचं, फडक्याने डांबर पुसायचं, साचा ठेवायचा आणि रंग भरायचा. बाण वळणाच्या बरोबर तोंडाशी. जिथे वळायचं, तिथे. एकाने सुचवलं होतं की थोडा अलीकडे काढला तर? तिने उत्तर दिलं होतं, "पत्ता दारावर असतो. दाराच्या अलीकडे लावला तर पत्र शेजाऱ्याकडे जाईल." पोस्टातल्या माणसाला यावर आणखी काही सांगायची सोय नव्हती.

बाण गावाला आवडले. पर्यटन समितीने फलक लावला. पाहुणे वाढले, बंदरावर चहाच्या टपऱ्या वाढल्या आणि घंटीमावशीला समितीच्या बैठकीत खुर्ची मिळाली.

मग खाणीच्या वळणावर एक बाई पडली.

हे वळण समजून घेतलं पाहिजे. खिंडीतून उतरणारा रस्ता शेवटच्या टप्प्यात सरळ आणि रुंद होतो, कारण खालून खाणीचे ट्रक येतात. सरळ गेलं की खाण. पिवळा रस्ता मात्र तिथे डावीकडे वळतो, एका अरुंद फाट्याला, आणि समुद्राकडे उतरतो. फाट्याच्या तोंडाशी ट्रकमधून सांडलेली बारीक खडी असते. पडलेली बाई शहरातून सुट्टीला आली होती. ती सुसाट खाली आली, शेवटच्या क्षणी ब्रेक दाबला, खडीवरून सायकल सरकली आणि तिच्या खांद्याचं हाड मोडलं.

समितीची बैठक औषधाच्या दुकानावरच्या खोलीत भरते. खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांवर बसून गावाचं पर्यटन ठरतं. अध्यक्ष खालच्या दुकानाचा मालक, सगळे त्याला केमिस्ट म्हणतात. माणूस सरळ आहे. शाळेत नापास झाल्याचं त्याचं पत्र घंटीमावशीने एकदा त्याच्या बापाच्या हातात न देता त्याच्या हातात दिलं होतं, आणि हे तो विसरलेला नाही.

"मावशी, तुमच्यावर कोणी बोट ठेवत नाही," तो म्हणाला.

"मग कोणावर ठेवतोयस? डोंगरावर?"

"कोणावरच नाही. पिवळा रस्ता फक्त फलकावरून काढू. ज्याला जायचं तो जाईलच."

"फलकावर नाही म्हणजे नाहीच. वस्तीच्या रस्त्याचे खड्डे दर वर्षी बुजवतात ते कशासाठी? तिथल्या म्हाताऱ्यांवर जीव आहे म्हणून? सायकलवाल्यांसाठी बुजवतात. पिवळी रेघ पुसलीत की खड्डे परत आलेच समजा."

"त्या बाईचा हात मी गळ्यात बांधलाय, मावशी. ती ओरडत होती. दुसऱ्या कोणाचा बांधायची माझी इच्छा नाही."

"तिने ब्रेक उशिरा दाबला."

"असेल. पुढची पण उशिरा दाबेल. आपण काय माणसं बदलणार आहोत?"

केमिस्टने पेन बंद केलं. "हंगामाआधी रंगारी येऊन फलक घासून नवा रंगवणार आहे," तो म्हणाला. "तोपर्यंत मला पटवा की ते वळण पुन्हा कोणाला पाडणार नाही. पटलं तर पिवळा राहील. नाही पटलं तर निळा आणि हिरवा, बस्स."

घंटीमावशी जिना उतरली आणि थेट पाहुण्यांच्या निवासात गेली, जिथे पडलेली बाई हात गळ्यात अडकवून खिडकीशी बसली होती. खुशाली विचारायच्या आधीच मावशी म्हणाली, "ब्रेक उशिरा दाबलात तुम्ही."

"दाबला. बाण उशिरा दिसला म्हणून."

"चांगला हातभर बाण आहे. पिवळाजर्द."

"दिसला ना. सुंदर आहे. पण दिसला तेव्हा मी त्याच्यावरच होते." बाईने चांगल्या हाताने उशी सारखी केली. "मी शाळेत भूगोल शिकवते. रस्ता चुकून हाड मोडलं हे वर्गात कुठल्या तोंडाने सांगू?"

घंटीमावशी हसली नाही. बाहेर येऊन तिने सायकल काढली, डोंगर चढली आणि खिंडीतून उतरत त्या वळणावर आली. बाण दिसला. चांगला लांबून दिसला. ती पुन्हा चढली, पुन्हा उतरली. पुन्हा दिसला. दिसत नाही म्हणणाऱ्याच्या डोळ्यांची तपासणी करावी, असा तो बाण होता.

एवढ्यावर दुसरं कोणी थांबलं असतं. बाण दिसतो, बाई भरधाव होती, विषय संपला. पण केमिस्टचं एक वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. माणसं बदलणार नाहीत, तर मग ही बाई एवढ्या चांगल्या दिसणाऱ्या बाणावरच का पडली? तिने शहरातल्या भाचीला फोन केला. भाची, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, शाळेत खेळ शिकवते आणि शर्यतीत सायकल चालवते.

"ये आणि माझा बाण कुठे चुकतो ते दाखव," मावशी म्हणाली.

"चुकतो असं तुला वाटतं?"

"नाही. म्हणून तर तुला बोलावतेय."

भाची सुट्टीच्या दिवशी आली. दोघी खिंडीत चढल्या. उतरताना मावशी पुढे, भाची मागे. खाणीच्या वळणावर पोचल्यावर भाचीने पाय टेकला आणि कपाळावर हात मारला.

"मावशी, तू उतरतेस की जिन्यावरून म्हातारीला हाताला धरून आणतेस?"

"नीट उतरले मी."

"नीटच. मागे मला झोप लागायची वेळ आली होती."

खाली आल्यावर भाची तिला सायकलवाल्याकडे घेऊन गेली. बाजाराच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे छताला टांगलेल्या ट्यूबा आणि त्यांच्याखाली एक स्टूल. पहिल्या दिवसापासून लाल सायकल त्याच्याच हातात आहे. भाचीने विचारलं, "काका, हिच्या सायकलीचं काय जास्त बदलावं लागतं?"

"चेन म्हणशील तर क्वचित. टायर सगळ्यांसारखे," तो म्हणाला. "पण ब्रेकची रबरं विचारू नकोस. दुसऱ्यांची वर्षभर पुरतात, हिची मी हातात देतोय तोवर झिजतात. अंगणात रबराचं झाड लावायला सांगितलं होतं मी हिला."

भाचीने मावशीचा हात हातात घेतला आणि आत वळलेलं मधलं बोट सरळ करून पाहिलं. ते पूर्ण सरळ झालं नाही.

"हे बघ. हे बोट ब्रेकवरच झोपतं."

घंटीमावशी स्टुलावर बसली. नोकरीत पुढच्या पिशवीचं वजन असे. उतारावर ती पिशवी सायकलला खाली ओढी, म्हणून दोन्ही ब्रेक धरून यायचं. शिवाय दर काही अंतरावर दार. जिथे दार नाही, तिथेही हात थांबायच्या तयारीत. पुढे पिशवी रिकामी झाली, दारं गेली, पण हात तसेच राहिले. डोंगर उतरताना तिने ब्रेक कधी सोडलाच नव्हता. त्याच चालीने फिरत तिने सगळे बाण काढले होते. थांबत थांबत येणाऱ्या माणसाला ते झकास दिसत.

"पत्ता दारावर असतो," ती थोड्या वेळाने म्हणाली, पण आधीच्या जोरात नाही.

"दारावरचा पत्ता वाचणारा थांबलेला असतो, मावशी. हे लोक थांबलेले नसतात."

"मग किती अलीकडे पाहिजे?"

"मी सांगू शकते. इथे, तिथे असं खडूने दाखवून देते, तू रंगव."

"नको," मावशी म्हणाली. "उद्या रस्ता बदलला, झाड वाढलं, तर तुला फोन करत बसू? मला ब्रेक सोडून उतरायला शिकव."

सायकलवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. "या वयात?"

"आधीच शिकले असते तर तू रबरं कोणाला विकली असतीस?"

शिकवणी शाळेच्या उतारावर सुरू झाली, शाळा सुटल्यावर, कारण तो उतार छोटा आहे आणि खाली वाळूचं मैदान आहे. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. भाची ओरडे, "सोड!" मावशी म्हणे, "सोडलाय!" आणि चाकातून ब्रेक घासल्याचा आवाज येत राही. तिला भीती वाटत नव्हती असं ती आजही सांगते, आणि ते खरं असावं. भीती हातांना वाटत होती. ती डोक्याने सोडत होती आणि बोटं धरत होती.

उपाय नवऱ्याने काढला. तो शेडमधून तेलकट हात पुसत आला आणि थोडा वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ती पिशवी काढ."

"रिकामीच आहे."

"तुला माहीत आहे ती रिकामी आहे. हातांना कुठे माहीत आहे?"

त्याने पान्याने पुढचं कॅरियर सोडवलं, पिशवी काखेत मारली आणि मागची पेटीही उतरवली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच सायकल उघडी झाली. मावशीने हँडल धरलं तर ते सैल, पोरकट वाटलं, जरा हात लावला की वळणारं. ती शाळेच्या उतारावरून सुटली आणि या खेपेला मधे कुठेच आवाज आला नाही. वाळूत जाऊन सायकल रुतली आणि ती एका अंगावर पडली. उठली तेव्हा दातांत वाळू होती.

"लागलं का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. परत."

भाची शहरात नोकरीला परत गेली, सुट्टीला येत राहिली. मधल्या दिवसांत मावशी एकटी सराव करी. ब्रेक कसा धरायचा नाही, हे आल्यावर तो केव्हा धरायचा ते शिकायचं होतं: वळणाच्या आधी नेट लावून, वळताना सोडून. चाकाकडे बघायचं नाही, जिथे जायचं तिकडे बघायचं. शाळेच्या उतारावरून ती खिंडीखालच्या पहिल्या दोन वळणांवर गेली, तिथून पुढच्या. गुडघ्यावर एक काळंनिळं, कोपरावर एक. शेजारीण नवऱ्याला विचारू लागली की घरात सगळं ठीक आहे ना. "मी मारत नाही," तो म्हणाला. "उतार मारतो."

मग मोजायची युक्ती भाचीने सुचवली. बाण ज्या क्षणी दिसेल त्या क्षणी काहीतरी रस्त्यावर टाकायचं. खूण पडेल असं. मावशीने नवऱ्याचे फाटके मोजे घेतले, त्यांत चुन्याची भुकटी भरली, तोंडं बांधली आणि कमरेला लटकवले.

"माझे मोजे!"

"भोकं आहेत त्यांना."

"म्हणून काय गावभर चुना लावत फिरणार?"

ठरल्या दिवशी नवरा खाणीच्या वळणावरच्या कठड्यावर जाऊन बसला. भाची फाट्याच्या तोंडाशी उभी राहिली, खालून येणारा एखादा ट्रक असेल तर थांबवायला. मावशी खिंडीतून निघाली. वरची वळणं तिने नीट घेतली. शेवटचा सरळ टप्पा आला. तिने ब्रेक सोडला. वारा कानांत भरला, डोळ्यांतून पाणी आलं, रस्ता रुंद होता आणि सरळ होता आणि सायकल त्याच्यावर आपणहून धावत होती. मोजा हातात तयार होता.

कठड्यावरून नवऱ्याने तिला येताना पाहिलं, समोरून जाताना पाहिलं आणि पुढे जाताना पाहिलं. भाचीने हात वर केला. तो हात वरच राहिला. घंटीमावशी स्वतःच्या बाणावरून, फाट्यावरून, दोघांच्या नाकासमोरून सरळ खाणीकडे गेली.

खाणीच्या फाटकात तिचा वेग संपला. चौकीदार खुर्चीतून उठला. तो तिचं जुनं गिऱ्हाईक. वर्षानुवर्षं तिने त्याला मुलीची पत्रं आणून दिली होती.

"मावशी? टपाल बंद झालं ना? काय आणलंस?"

तिने हातातला मोजा पाहिला. तो तसाच होता, टाकायचा राहून गेलेला.

"मीच आले," ती म्हणाली.

फाट्यापर्यंत ती सायकल ढकलत गेली. नवऱ्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. तिचा चेहरा बघून त्याने ते गिळलं, आणि त्याच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हे. ज्या वळणावरून ती डोळे झाकून गेली असती, ज्याच्यावरचा बाण तिने गुडघे टेकून काढला होता, ते वळण तिला दिसलं नव्हतं.

"त्या मास्तरीणबाईंना सांगावं लागेल," ती म्हणाली. "त्या निदान थांबल्या तरी."

त्यानंतर काम सरळ होतं, फक्त दमवणारं. नवऱ्याने शेडमधून पिवळ्या ताडपत्रीचा बाणाएवढा तुकडा आणला. तो वळणाच्या थोडा वर पसरायचा, चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे. मावशी खिंडीतून सुटायची, तुकडा दिसला की मोजा टाकायची, ब्रेक दाबायची आणि वळायला बघायची. पहिल्यांदा मोजा फाट्याच्या खाली पडला. नवऱ्याने तुकडा आणखी वर सरकवला. मोजा फाट्याच्या तोंडाशी पडला. आणखी वर. दर खेपेला डोंगर पुन्हा चढायचा. दुपारपर्यंत रस्त्यावर चुन्याचे पांढरे ठिपके पडले आणि नवऱ्याच्या मोज्यांचा साठा संपला. शेवटी एकदा मोजा फाट्याच्या बराच आधी पडला आणि मावशी खडी टाळून, कोणाचाही श्वास न अडकवता डावीकडे वळली. भाचीने ती जागा खडूने आखली.

"इथे एक," भाची म्हणाली. "वळणावरचा राहू दे. आणि वळून गेल्यावर थोडं पुढे आणखी एक, म्हणजे माणसाला कळतं की बरोबर आलो."

"बरोबर आलेल्याला परत का सांगायचं?"

"दारावर पत्र टाकून झाल्यावर तू घंटी वाजवायचीस की नाही?"

मावशीने यावर विचार केला आणि तिसरा बाणही काढला. मग खिंडीपासून खालच्या सगळ्या वळणांवर तेच, ताडपत्री, मोजे, खडू, रंग. मोजे आता बाजारातून विकत आणलेले होते. नवऱ्याने त्यांतले दोन जोड हळूच बाजूला काढून ठेवले.

औषधाच्या दुकानात जाऊन तिने केमिस्टला सांगितलं, "बघायला ये."

"मी? मला तो रस्ता पाठ आहे, मावशी."

"तुला सायकल चालवायला नाही बोलावत. तू फक्त उभा राहायचंस. रस्ता ज्यांनी कधी पाहिला नाही अशी माणसं हवीत. भाचीच्या ओळखीचा शहरातला सायकल क्लब आहे. त्यांना एवढंच सांगायचं की पिवळ्या बाणांनी या."

"आणि चुकले तर?"

"तर रंगाऱ्याला पिवळा डबा उघडूच देऊ नकोस. फाट्यावरची खडी मी सकाळीच झाडून ठेवते, म्हणजे पडणार कोणी नाही. चुकलेला खाणीत येईल. आपण खाणीतच उभं राहू."

केमिस्टने तिच्याकडे पाहिलं. काउंटरवर खोकल्याचं औषध मागायला आलेली बाई ताटकळत होती. "बरं," तो म्हणाला.

क्लबच्या लोकांसाठी ती साधी सहल होती. त्यांच्यावर काय अवलंबून आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. घंटीमावशी, तिचा नवरा आणि केमिस्ट खाणीच्या फाटकात उभे होते. चौकीदाराने खुर्ची देऊ केली, कोणी बसलं नाही. इथून फाटा दिसत नाही, मधे दगडांचा ढीग आहे. फक्त ऐकू येतं. बऱ्याच वेळाने वरून सायकलींची घरघर आली, वाढली, आणि मग ब्रेकचा आवाज. एक, दुसरा, मग घोळक्याने. कोणीतरी मोठ्याने हसलं. आवाज समुद्राच्या बाजूला वळले आणि उतरत गेले.

"गेले," नवरा म्हणाला.

"थांबा," मावशी म्हणाली.

मागून आणखी काही आले. तेही वळले. पुन्हा शांत झालं. केमिस्टने घड्याळ बघितलं आणि काही बोलणार, तेवढ्यात दगडांच्या ढिगाला वळसा घालून एक सायकल थेट फाटकाकडे आली. जाडजूड गृहस्थ, तोंड लालबुंद. मावशीचा हात आपोआप मुठीत मिटला. केमिस्टने जमिनीकडे पाहिलं.

गृहस्थ थांबला, पाय टेकला आणि धापा टाकत म्हणाला, "पाणी मिळेल का इथे कुठे?"

"रस्ता इकडे नाही," मावशी म्हणाली. आवाज सपाट होता.

"माहीत आहे. बाण दिसला मला, वर एक, वळणावर एक. पण पाट्यांवर खाण लिहिलंय. म्हटलं खाणीत माणसं असतील, माणसं असतील तिथे पाणी असेल. माझी बाटली खिंडीतच संपली." तो सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिला. "काय झालं? इथे येणं मनाई आहे का?"

चौकीदाराने माठातून तांब्याभर पाणी आणून दिलं. नवऱ्याला हसू आवरेना, तो दगडांच्या ढिगामागे गेला. केमिस्टने त्या गृहस्थाला पाणी पिऊ दिलं आणि मग एखाद्या रुग्णाला विचारावं तसं विचारलं, "बाण नक्की कुठे दिसला तुम्हाला? वळणाच्या किती आधी?"

"चांगला आधी. मी वजनदार माणूस आहे, मला थांबायला वेळ लागतो. तरी थांबलो असतो."

"ठीक आहे," केमिस्ट म्हणाला. आणि मावशीकडे वळून, "ठीक आहे, मावशी. रंगाऱ्याला पिवळा डबा घ्यायला सांगतो. पण एक अट. वाटेत पाण्याची सोय कुठे आहे तेही फलकावर येऊ दे."

"वस्तीत नळ आहे. फलकावर लिहा," ती म्हणाली, आणि सायकल उचलून निघाली.

फलक नवा झाला. पिवळा रस्ता जागेवर आहे आणि वस्तीपाशी एक छोटा निळा थेंब काढला आहे. वस्तीच्या रस्त्याचे खड्डे या हंगामातही बुजवले. भूगोलाच्या बाईंना मावशीने चिठ्ठी पाठवली की चूक तुमची नव्हती, बाणाची होती. बाईंचं उत्तर आलं की हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलं.

सायकलवाल्याची मात्र तक्रार आहे. लाल सायकल फिरकतच नाही, रबरं पडून आहेत. परवा ती त्याच्या दुकानासमोरून गेली तेव्हा त्याने हाक मारली. ती थांबली नाही. पुन्हा बसवलेल्या पुढच्या कॅरियरवर रंगाचा डबा होता, कमरेला मोजे होते, आणि ती दीपगृहाच्या दिशेने निघाली होती. निळ्या रस्त्यावर उतार असा एकच आहे, धक्क्याजवळचा. तिथे आजवर कोणी पडलेलं नाही आणि समितीने काही विचारलेलंही नाही. पण तिथला बाणही तिने ब्रेक धरूनच काढला होता.